गेटवर ठेवू का?

फोन बहुतेक दुपारी येतो. नंबर अनोळखी, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि घाईतला आवाज : "मॅडम, पार्सल आहे. गेटवर ठेवू का?"

या एका प्रश्नाला मी आजवर इतकी तऱ्हेतऱ्हेची उत्तरं दिली आहेत, की माझं नक्की म्हणणं काय, हे मलाच सांगता येणार नाही. आत पायपुसणी असतील तर "ठेवा". मावशीने पाठवलेले डिंकाचे लाडू असतील तर "नको नको, वर द्या, आई आहे घरात". पाऊस असेल तर "केबिनच्या आत ठेवा, आणि खाली नको, टेबलावर". साहेब समोर बसलेले असतील तर नुसतंच "हं". आणि एकदा, हे लिहिताना बरं वाटत नाही, "वर आणून द्यायचेच पैसे घेता ना तुम्ही?" असंही बोलून गेले होते. पलीकडचा माणूस काही बोलला नाही. दहा किलो तांदूळ खांद्यावर घेऊन वर आला, आईने दार उघडलं, त्याने ओटीपीचे चार आकडे विचारले आणि गेला. संध्याकाळी आईने एवढंच सांगितलं, की त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने मी पार्सलांच्या प्रश्नावर बरंच शहाणपण शिकवणार आहे.

आमची सोसायटी सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला. तीन विंग, वयात आलेली झाडं आणि वय झालेली लिफ्ट. गेटवर वॉचमनकाकांची केबिन. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, एक रजिस्टर आणि भिंतीवर साईबाबा. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खोक्यांची चळत चढत चढत साईबाबांच्या पायांना टेकते. मग काका खुर्ची बाहेर काढून बसतात. म्हणजे केबिनमध्ये पार्सलं आणि काका उघड्यावर. हे काम त्यांच्या पगारात कुठेच धरलेलं नाही. तरी ते रजिस्टरात नोंद करतात, आणि ती नोंद वाचण्यासारखी असते : "बी-२०३, खोका १, पिशवी १, मॅडम नंतर नेते बोलल्या." बी-२०३ म्हणजे मी. ही नोंद तीन दिवस तशीच होती.

तर सेक्रेटरी झाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं. पार्सल कुठे हवं? दारात, वॉचमनकडे, गेटजवळच्या लॉकरमध्ये, की कोपऱ्यावरच्या दुकानात? पर्याय टाकल्यावर अर्ध्या तासात लोक तुटून पडले. एरवी पाण्याच्या टाकीच्या सफाईवर मत द्यायला कुणाला सवड नसते. लॉकर प्रचंड मतांनी निवडून आला. कारणंही भरघोस आली : सुरक्षितता, शिस्त, गेटवरचा पसारा, बाहेरच्या माणसांची ये-जा. एका सभासदांनी जाता जाता असंही सुचवलं, की तोपर्यंत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद करावी. त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही. शेवटी ए विंगमधल्या एका आजींनी "त्यांना गुडघे नसतात का?" एवढंच टाइप केलं आणि विषय संपला.

नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरकडून आम्ही लोखंडी कपाट करून घेतलं. चोवीस खण, प्रत्येकाला आकड्यांचं कुलूप, वर पन्हळी पत्रा. नारळ फोडला, पेढे वाटले. पहिला आठवडा नव्याची नवलाई होती. मग एकेक जण ढेपाळत गेला. कुलपाचे आकडे कुणी लावायचे, कुणाला कळवायचे, आकडे विसरले तर काय, वरचा खण उंच, खालच्या खणाला वाकावं लागतं, भाजीची पिशवी उन्हात तापते. सहा महिन्यांनी पाहणी केली तर एका खणात काकांचा डबा, एकात प्लंबरची अवजारं, एकात गणपतीच्या मांडवाच्या उरलेल्या झिरमिळ्या. आणि सर्वांत खालच्या, दार नीट न लागणाऱ्या खणात मांजरीने तीन पिल्लं घातली. त्या लॉकरमध्ये आजवर झालेली सर्वांत यशस्वी डिलिव्हरी तीच.

मला राग आला होता. मत द्यायचं लॉकरला आणि फोन आला की म्हणायचं "वर द्या"! पण विचार करू लागले तसं लक्षात आलं, की लोक खोटं बोलत नव्हते. मत देताना प्रत्येक जण सोसायटीचा मालक असतो. त्याला गेट स्वच्छ हवं असतं. फोन येतो तेव्हा तोच माणूस सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला असतो, आणि त्याचं मत त्याच्या पायांना विचारून ठरतं. नवी पद्धत आवडते का, असं विचारलं की माणूस पद्धतीबद्दल बोलतो. शेवटची चाळीस पावलं कोण चालणार, असं विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

माझी भाची जर्मनीत डॉर्टमुंडला असते. तिला मी आमच्या लॉकरची कर्मकहाणी सांगितली तर ती हसत सुटली. कारण असल्या लॉकरची जर्मन टपालखात्याची पहिली चाचणी झाली ती २००१ साली, तिच्या डॉर्टमुंडमध्ये आणि माइन्त्स शहरात. आज त्या देशभर अशी पंधरा हजारांहून जास्त पिवळी कपाटं आहेत. सुपरमार्केटच्या भिंतीला, स्टेशनाबाहेर, पेट्रोल पंपावर. फोन जवळ नेला की आपला खण टप्पकन उघडतो. पार्सल सात दिवस थांबतं. शेजारच्या पोलंडने तर कमाल केली आहे. तिथल्या एका खासगी कंपनीने २००९ मध्ये अशी कपाटं मांडायला घेतली, आणि आता पोलिश माणूस सरसकट सगळ्या लॉकरना त्या कंपनीच्याच नावाने ओळखतो, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

"मग आमच्याकडे का नाही चालत?" मी विचारलं.

"मावशी, इथे दिवसभर दारात कुणी नसतंच," ती म्हणाली. "पार्सलवाला बेल वाजवतो, चिठ्ठी टाकतो, निघून जातो. मग शनिवारी रांगेत उभं राहा. नाहीतर शेजाऱ्याकडे ठेवतो. माझी खालच्या आजोबांशी ओळख त्यातूनच झाली. दोन वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते सगळं पार्सलांबद्दल."

म्हणजे लॉकर तिथे चालला तो दारातली डिलिव्हरी फसत होती म्हणून. सकाळी सहाला, रात्री अकराला, पायजम्यात जाऊन पार्सल आणता येतं, हे ज्याची चार पार्सलं हुकली आहेत त्यालाच सुख वाटणार. आमच्याकडे दार फसतच नाही. आई आहे, समोरच्या काकू आहेत, इस्त्रीवाला आहे, वॉचमनकाका आहेत. आमच्या देशात माणसांचेच लॉकर आहेत, आणि त्यांना आकड्यांचं कुलूप लागत नाही. दुसरं कारण जरा कडू आहे. तिथे पार्सल घेऊन जिना चढणाऱ्या माणसाचा तास महाग आहे, म्हणून कंपनीनेच लोकांना प्रेमाने कपाटाकडे वळवलं. आपल्याकडे तो तास इतका स्वस्त आहे, की लोखंडी कपाट त्याच्यापुढे टिकत नाही. याला आपण ग्राहकाची आवड म्हणतो.

आईला यातलं काहीच नवीन वाटत नाही. तिचं माहेर वाईचं, कृष्णेच्या घाटाजवळचा वाडा. पहिल्यांदा "कॅश ऑन डिलिव्हरी" हा शब्द तिच्या कानावर पडला तेव्हा मी तिला कौतुकाने समजावलं, की आधी वस्तू हातात, मग पैसे. तिने कणीक मळता मळता विचारलं, "म्हणजे व्ही.पी.च ना?"

व्ही.पी.च. आपल्या ऑनलाइन दुकानांनी २०१० च्या सुमाराला रोखीची सोय काढली आणि आता भारतीय ग्राहकाचा विश्वास बसला असं सगळीकडे छापून आलं. पण टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं होतं ते १८७७ मध्ये. पोस्टमनने पार्सल आणायचं, पैसे मोजून घ्यायचे, पार्सल द्यायचं, पैसे दुकानदाराला पोचवायचे. दिवाळी अंक, पंचांगं, आयुर्वेदिक काढे, बीबियाणं, पुण्यामुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांतली कादंबरी, सगळं व्ही.पी.ने खेड्यापाड्यांत गेलं. "व्ही.पी.ने पाठवावे" हे वाक्य मराठी जाहिरातींत जवळजवळ मंत्रासारखं होतं. आजोबांनी मागवलेलं पुस्तक आलं आणि घरात पैसे नसले, तर ते पोस्टात आठवडाभर थांबायचं. तोवर आजी पोस्टमनला रोज ताक द्यायची. ते लाच म्हणून होतं की आदरातिथ्य म्हणून, यावर मावशीचं आणि आईचं अजून एकमत नाही.

आणि वर आणून देण्याचं काय? वाड्याची माडी उंच, जिना अंधारा. आजी माडीच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. दूध, भाजी, वर्तमानपत्र, पत्रं, सगळं टोपलीतून वर. पैसेही टोपलीतून खाली. आमच्या पेठांतल्या वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत अशा पिशव्या खाली-वर होताना मीही पाहिल्या आहेत. त्या टोपलीला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही, एवढंच.

आता त्या हरवलेल्या पार्सलाबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. आईच्या कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. आगपेटीएवढं पाकीट. दुपारी संदेश आला : तुमचं पार्सल पोचलं. आईला विचारलं, तर तिच्याकडे कुणी आलंच नव्हतं. (अर्थात बॅटरी संपल्यामुळे तिला बेल ऐकू गेली नसेल, हेही शक्य होतं. बॅटऱ्या मिळण्यासाठी बॅटऱ्या लागत होत्या.) कंपनीला फोन लावला. यंत्रातल्या बाईने माझं म्हणणं तीनदा ऐकून घेतलं आणि तीनही वेळा पार्सल पोचल्याचं कळवलं. पुरावा म्हणून फोटो होता. एक दार, दाराखाली पाकीट. दार आमचं नव्हतं.

फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतरचा तासभर मी विसरणार नाही. पायपुसण्यावर मोर होता. उंबऱ्यावर प्लॅस्टिकची रांगोळी. कोपऱ्यात लहान मुलाची एकच निळी चप्पल. कुणी म्हणालं, अशी फरशी फक्त सी विंगमध्ये आहे, बिल्डरने शेवटी शेवटी स्वस्तातली लावली. कुणी म्हणालं, हे तोरण मागच्या पाडव्याला महिला मंडळाने विकलेलं, बारा जणींनी घेतलं होतं. मग बारा जणींची उलटतपासणी. शेवटी निळी चप्पल कुणाच्या नातवाची ते त्याच्या आजीने ओळखलं, आणि सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, शू-रॅकच्या मागे, बॅटऱ्या सापडल्या. बी-२०३ चं सी-३०२ झालं होतं. त्या दिवसापासून मी ते फोटो नुसते पुसून टाकत नाही. नीट बघते. आमच्याच दाराचे आता माझ्याकडे पन्नासेक फोटो असतील. दिवाळीतली रांगोळी, पावसाळ्यातल्या ओल्या छत्र्या, मध्येच आईची पावलं, कारण ती पार्सल उचलायला वाकण्याआधीच त्याने बटण दाबलेलं. आमच्या घराचा एवढा इमानेइतबारे अल्बम घरातल्या कुणी ठेवलेला नाही.

पत्ता चुकतो, यात नवल नाही. आपले पत्ते म्हणजे गोष्टीच असतात : मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या बोळात, जिथे पूर्वी थिएटर होतं तिथे. या गोंधळाला पहिली शिस्त लावली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार. एकाच नावाची अनेक गावं, दहा लिप्या, बाराशे हस्ताक्षरं, यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याला चार मिळाला, पुण्याला ४११. संस्कृत कवीने आकड्यांचं वृत्त बांधावं आणि देशभरच्या पोस्टमननी ते पन्नास वर्षं म्हणावं, हे मला फार आवडतं.

आता २०२५ च्या मे महिन्यात टपालखात्याने डिजिपिन आणला आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राच्या मदतीने सगळा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागलाय, आणि प्रत्येक चौकटीला अक्षरं-आकडे मिळून दहा खुणांचा संकेत. गिरणी, मारुती, थिएटर, कशाचीच गरज नाही. मी हौसेने आमचा काढला. सुंदर आहे. फक्त एवढंच, की चार मीटरच्या त्या चौकटीत पार्किंगपासून गच्चीपर्यंत एकावर एक रचलेले सगळेच फ्लॅट येतात. आकाशातून बघणाऱ्याला मजले दिसत नाहीत. बी-१०३, २०३, ३०३, सगळ्यांचा पत्ता एक. शेवटी बेल कुठली वाजवायची, हे काकांनाच विचारावं लागणार.

ड्रोनबद्दल मात्र मी बरेच दिवस टिंगल करत होते. २०१३ च्या डिसेंबरात एका अमेरिकन शेठजींनी टीव्हीवर सांगितलं, की चार-पाच वर्षांत पार्सलं उडत येतील. मी अजून खिडकीत उभी आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या एका उपनगरात कॉफी आणि औषधं खरोखर उडत येऊ लागली, तर लोक आवाजाला इतके वैतागले की तक्रारी करत सुटले. २०२१ मध्ये त्याच शहराच्या दुसऱ्या भागात डोमकावळ्यांनी ड्रोनवर झडप घालायला सुरुवात केली आणि काही काळ सेवाच थांबवावी लागली. आमच्या गच्चीवर पितृपक्षात ड्रोन उतरला तर काय होईल, याची मी कल्पना करून बघितली आहे. इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये २०१८ पासून सहा चाकांचे छोटे यंत्रमानव फुटपाथवरून किराणा पोचवतात. बर्फात अडकले तर येणारे-जाणारे त्यांना हात देऊन मार्गी लावतात. आमच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, वडापावची गाडी आणि उभी केलेली स्कूटर यांच्यामध्ये तो अडकला, तर मदतीआधी त्याला चार जणांचे सल्ले ऐकावे लागतील.

टिंगल थांबली ती माथेरानमुळे. माथेरानला मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पाय, घोडा, इतकी वर्षं हातरिक्षा आणि आता ई-रिक्षा. गेल्या खेपेला मी दस्तुरीपासून चालत होते तर समोरून मालवाहू घोड्यांची रांग आली. पाठीवर गॅसच्या टाक्या, दोन्ही बाजूंना एकेक, लाल मातीत खूर रुतलेले. गावातल्या बहुतेक वस्तू, अंड्यापासून टीव्हीपर्यंत, कुणाच्या तरी पाठीवरून नाहीतर डोक्यावरून तिथवर गेलेल्या असतात. माणसाने माणसाला ओढणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बजावलं. स्वातंत्र्याला ७८ वर्षं झाली तेव्हा. त्याच वर्षी मे महिन्यात टपालखात्याने कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल पाठवून पाहिलं. पावणेदहा किलोची थैली पंधरा मिनिटांत वर. पण ती उतरली ती टपालाच्या मुक्कामावर, कुणाच्या दारात नव्हे. ड्रोनने घाट उचलला. तिथून घराघरापर्यंतची लाल मातीची वाट पोस्टमनच्याच पायाखाली राहिली.

आणि त्याच्याही आधी, २०२१ च्या नोव्हेंबरात, पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला करोनाच्या लशी अशाच उडत गेल्या होत्या. तीनशे डोस, वीसेक किलोमीटर, दहा मिनिटांच्या आसपास. तिथे कुणी "दारात, गेटवर की लॉकरमध्ये?" असं विचारलं नसेल. लस हवी होती आणि रस्ता अवघड होता. आवड-निवड हा शब्द ज्याच्या दारापर्यंत आधीच सगळं येतं त्याच्यासाठी आहे, असं मला त्या बातमीनंतर वाटू लागलं, आणि आमच्या व्हॉट्सॲप मतदानाचा रुबाब जरा उतरला.

माझ्या मतदानात आणखी एक मोठा घोळ होता. आमच्याकडे गेली दोन वर्षं नेमाने येणारा एक पार्सलवाला आहे. मराठवाड्यातला, तिशीचा. मोटारसायकलच्या मागे त्याच्या खांद्याच्या वर जाईल एवढी पिशवी. ती तो एका ठरावीक क्रमाने भरतो, शेवटचं घर तळाशी आणि पहिलं वर. आमचं पार्सल काढताना त्याला बघायचं नसतंच, हात बरोबर जातो. एकदा रविवारी खाली गाठ पडली तेव्हा मी त्याला विचारलं, तुला काय बरं वाटतं? दारात, गेटवर, की लॉकर?

तो जरा गोंधळला. त्याला हे कुणी विचारलेलं दिसलं नाही.

"लॉकर बरा ना मॅडम," तो म्हणाला. "एका जागी तीस पार्सलं टाकली, निघालो. जिना नाही, लिफ्टसाठी थांबायचं नाही." मग हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाला, "पण सगळीकडे लॉकर झाले तर आम्ही सहा जण आहोत तिथे दोघंच लागतील."

मग त्याने असं काही सांगितलं, जे माझ्या एकाही पर्यायात नव्हतं. जिन्याचा त्रास नसतो म्हणे एवढा. त्रास असतो तो फोन न उचलणाऱ्यांचा. पैसे पार्सलामागे मिळतात. ओटीपी नाही तर पार्सल देता येत नाही, पार्सल परत गेलं तर त्या फेरीचे पैसे गेले, आणि पेट्रोल त्याच्याच खिशातलं. म्हणजे मी साहेबांसमोर बसून फोन कट करते, तेव्हा माझ्या शिष्टाचाराची किंमत खाली गेटवर तो मोजत असतो. निती आयोगाने २०२२ च्या अहवालात धरलं होतं, की देशात अशी सुट्या, कामापुरत्या पैशांवर राबणारी माणसं (गिग वर्कर) २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जातील. त्यात सगळे काही पार्सलवाले नाहीत. पण ज्या देशात एवढे पाय असे उपलब्ध आहेत, तिथे लॉकरवाल्यांनी आणि ड्रोनवाल्यांनी फार घाई करू नये.

त्या रविवारनंतर मी दोन गोष्टी केल्या. कमिटीत भांडून काकांच्या पगारात पार्सलांचे म्हणून वेगळे पैसे घातले. आणि रिकाम्या लोखंडी कपाटाला माठ जोडला. "पार्सलवाल्या दादांसाठी पाणी", अशी पाटी मीच रंगवली. पुण्यातल्या पाटीच्या मानाने ती फारच गोड झाली, असं सगळ्यांचं मत पडलं. मांजरीच्या खणाला कुणी हात लावलेला नाही.

मागच्या महिन्यात लिफ्टने अखेर मान टाकली. दुरुस्तीला पंधरा दिवस. आमचा फ्लॅट नावाला दुसऱ्या मजल्यावर, खालचं पार्किंग धरलं तर तिसराच. मी सुट्टी घेऊन घरी होते. दुपारी फोन वाजला, तो आईने घेतला. नव्या बॅटऱ्यांमुळे तिला आता सगळं स्वच्छ ऐकू येतं.

"गेटवर ठेवू का, आजी? लिफ्ट बंद आहे ना."

"गेटवर नको," आई म्हणाली. "बाल्कनीखाली ये. ते कडुनिंबाचं झाड आहे ना, तिथे."

मला काही कळायच्या आत तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडली, मंडईची कापडी पिशवी दोन बंदांत अडकवून पक्की गाठ मारली आणि कठड्यावरून खाली सोडायला लागली. पिशवी पहिल्या मजल्याच्या तुळशीला अडली. तिथल्या वहिनींनी ती सोडवून पुढे पाठवली. खाली तोच आमचा पार्सलवाला, मान वर करून उभा. त्याने पाकीट पिशवीत टाकलं आणि जरा संकोचून ओरडला, "आजी, ओटीपी!"

ओटीपी कुणालाही सांगू नका, असं मी आईच्या डोक्यात वर्षभर भरवलं होतं. तिने माझ्या फोनकडे बघून चारही आकडे, एकेक करून, मंगलाष्टकांच्या सुरात, तिन्ही विंगना ऐकू जातील असे सांगितले. काका केबिनमधून बाहेर येऊन बघत राहिले.

"वर घे आता," मी म्हणाले.

"थांब," आई म्हणाली, "त्याला फोटो काढू दे."

तो फोटो माझ्याकडे आहे. आमच्या इमारतीची भिंत, कडुनिंबाची फांदी आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मध्ये हवेत लोंबकळणारी मंडईची पिशवी. खाली लिहिलंय, 'पार्सल ग्राहकाला सुपूर्द'.